जुनी मशीद, नवी मशीद आणि एक काळा घोडा

मुंबईतला ज्यू वारसा पायी बघायला निघालेले बहुतेक लोक काळ्या घोड्यापासून सुरुवात करतात. चर्चगेट जवळ, फुटपाथ त्यातल्या त्यात बरे, सिनेगॉगचा फोटो झकास येतो आणि तासाभरात आटोपून कॉफी प्यायला मोकळे. पण हा क्रम उलटा आहे. काळ्या घोड्याजवळचं केनेसेथ एलियाहू हे सिनेगॉग १८८४ चं. शहरातलं पहिलं ज्यू प्रार्थनाघर त्याच्या ८८ वर्षं आधीचं. ते मशीद बंदरच्या गल्लीत आहे आणि ते बांधणारा माणूस मराठी बोलणारा होता.

मुंबईत ज्यूंची शहरं खरं तर दोन. एक बेने इस्रायलींचं. हे लोक अठराव्या शतकात अलिबाग, पेण, रोहा, श्रीवर्धन या पट्ट्यातून मुंबईत आले. गावाकडे तेलाचा घाणा चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून शेजारी त्यांना ‘शनवार तेली’ म्हणत. दुसरं शहर बगदादी ज्यूंचं. डेव्हिड ससून १८३२ मध्ये मुंबईत आले, मग अफू, कापूस आणि गिरण्या यांच्यातून अफाट पैसा उभा राहिला. त्या पैशाचं पुढे दगडात रूपांतर झालं : ग्रंथालय, गोदी, शाळा, सिनेगॉग. दगडाचं शहर लांबून दिसतं, गल्लीतलं शोधावं लागतं. म्हणून पायपीट गल्लीतूनच सुरू करावी, पाय ताजे असताना.

तर मध्य रेल्वेच्या मशीद स्टेशनावर पश्चिमेला उतरायचं. सीएसएमटीनंतरचं पहिलंच स्टेशन. वार निवडताना घोळ होतो, म्हणून तेवढं आधी. शनिवार बाद. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ सुरू होतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसेपर्यंत चालतो. त्या वेळात सिनेगॉग उघडं असलं तरी ते प्रार्थनेसाठी, पाहुण्यांसाठी नव्हे. फोटो काढणं, लिहिणं, दिवे लावणं-विझवणं, सगळंच वर्ज्य. शुक्रवारची दुपारही टाळावी, कारण दुपारनंतर तयारीची लगबग असते. सोमवार ते गुरुवार प्रार्थनाघरं दाखवायला माणूस मिळण्याची शक्यता जास्त. पण मशीद बंदरच्या घाऊक बाजारात त्या दिवशी हातगाड्या, पाठीवर गोणी घेतलेले हमाल आणि उलट्या दिशेने घुसलेले टेम्पो यांच्यामधून वाट काढायची असते. डोकं वर करून इमारत बघायला दोन सेकंद थांबलात, तर मागून ‘बाजू, बाजू’ची हाक येते. रविवारी सकाळी गल्ल्या मोकळ्या असतात. आमचं मत रविवारच्या बाजूनं, अट एकच : आत जायचं असेल तर आधी विचारून ठेवायचं. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ज्यूंचे सण एकापाठोपाठ एक येतात, त्या तीन-चार आठवड्यांत कुठेच गृहीत धरून जाऊ नये.

दुसरी गोष्ट ओळखपत्राची. २००८ च्या नोव्हेंबरनंतर शहरातल्या प्रत्येक ज्यू ठिकाणी पहारा आहे. आधार किंवा पासपोर्ट मूळ स्वरूपात जवळ ठेवा, पाठीवरची मोठी सॅक घरी. दारावरचा पोलीस नाव लिहून घेतो, पिशवी उघडायला सांगतो. त्यात अपमान वाटून घेण्यासारखं काही नाही. पुरुषांनी डोकं झाकायचं. किप्पा, म्हणजे ज्यू पुरुषांची छोटी गोल टोपी, दारात मिळतोच असं नाही, साधा रुमाल किंवा टोपी चालते. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत. बाहेरून फोटो काढतानासुद्धा पहाऱ्यावरच्या माणसाला आधी विचारावं, नाहीतर फोटो पुसायला लावतात आणि पुढचं बोलणंच खुंटतं.

स्टेशनावरून पाच-दहा मिनिटांत सॅम्युएल स्ट्रीट लागतो. मुंबईत माणसाच्या नावाचे रस्ते ढिगानं आहेत, पण इथला सॅम्युएल म्हणजे सामाजी हसाजी दिवेकर. आडनाव दिवेआगरचं. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेतला हा अधिकारी टिपू सुलतानाच्या कैदेत सापडला. बेने इस्रायलींमध्ये सांगतात ती कथा अशी, की कैद्यांना जात-धर्म विचारला गेला तेव्हा यांनी ‘बेने इस्रायल’ असं उत्तर दिलं. टिपूच्या आईला कुराणातले ‘बनी इस्राईल’ ठाऊक होते, आणि त्या शब्दानं जीव वाचला. सुटून आल्यावर दिवेकरांनी १७९६ मध्ये ‘शाआर हारहमिम’, म्हणजे दयेचं द्वार, हे प्रार्थनाघर बांधलं. त्यासाठी तोरा, म्हणजे ज्यूंचा धर्मग्रंथ, आणायला ते कोचीनला गेले आणि १७९७ मध्ये तिकडेच वारले. आज उभी आहे ती इमारत १८६० ची.

आसपासच्या माणसाला ‘सिनेगॉग कुठंय’ असं विचारलंत तर तो खांदे उडवेल. ‘जुनी मशीद’ म्हणून विचारायचं. बेने इस्रायली आपल्या प्रार्थनाघराला मशीदच म्हणत आले. कोकणात ज्या देवघरात मूर्ती नाही त्याला हाताशी दुसरा शब्द होता तरी कुठला? मशीद स्टेशनाचं नावही याच वास्तूवरून पडलं, असं बरेच जण सांगतात. तेवढं ‘सांगतात’ म्हणूनच ठेवावं. पण मुसलमानी वस्तीच्या मधोमध ज्यूंची मशीद आणि त्या शब्दानं कुणाचंच बिघडलेलं नाही, एवढं तर डोळ्यांसमोर असतं. प्रश्न विचारताना मात्र ‘यहुद्यांची मशीद’ असा खुलासा करावा, नाहीतर चार वेगळ्या मशिदींचे पत्ते मिळतील.

आत गेल्यावर काय बघायचं? आधी पश्चिमेची भिंत. मुंबईहून जेरुसलेम पश्चिमेला, किंचित वायव्येकडे झुकून आहे. तिथं पडद्याआड कपाट असतं, त्याला हेखाल म्हणतात. आत तोरा-ग्रंथाच्या गुंडाळ्या, म्हणजे सेफर तोरा. हेखालासमोर अखंड तेवणारा दिवा. सभागृहाच्या मध्यभागी लाकडी कठड्याचा चौथरा, तो तेबा. हजान तिथं उभा राहून प्रार्थना चालवतो. मधोमध तेबा असणं ही सेफार्दी, म्हणजे स्पेनकडच्या आणि पूर्वेकडच्या ज्यूंची पद्धत. युरोपातल्या फोटोंवरून गेलेला माणूस पुढे स्टेज शोधतो आणि गोंधळतो. बाजूला एक जरा उंच, सहसा रिकामी खुर्ची दिसली तर तिच्यावर बसू नका. ती एलियाहू हन्नाबीची, म्हणजे प्रेषित एलियाहूची, सुंता-विधीच्या वेळची. वर सज्जा असेल तर तो बायकांचा. पण मराठी माणसानं सगळ्यात जास्त वेळ घालवावा तो भिंतीवरच्या देणगीच्या पाट्यांवर. केहीमकर, पेणकर, नवगावकर, झिराडकर, अष्टमकर, चेऊलकर : रायगड जिल्ह्याचा नकाशाच. अशी गावावरून पडलेली आडनावं शंभराहून जास्त आहेत. हिब्रू नाव, मराठी आडनाव आणि पाटीची लिपी देवनागरी. परदेशी पर्यटकाला इथं गाईड लागतो. तुम्हाला लागत नाही.

कालगणनाही मराठीच. रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्ष, हा ‘नव्याचा सण’, यॉम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या उपासाचा दुसरा दिवस ‘शिळा सण’, जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोक पाळून झाला की ‘बिरड्यांचा सण’. वालाच्या बिरड्याला अशी जागा दुसऱ्या कुठल्या धर्मात मिळाली असेल असं वाटत नाही. बाजारातल्या सुक्या मेव्याच्या दुकानांशीही यांचा जुना संबंध आहे. कोशेर, म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारी, वाइन मिळणं कठीण, म्हणून शब्बाथच्या पेल्यासाठी काळ्या मनुका रात्रभर भिजवून, वाटून, फडक्यातून गाळून सरबत करतात. आंबू द्यायचं नाही, म्हणून त्याच दिवशी संपवायचं. एलियाहू हन्नाबीच्या नवसाला मलिदा असतो, म्हणजे गूळ-खोबरं घातलेले गोड पोहे आणि फळं. पोह्यांचं हे पान रायगडातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल.

सॅम्युएल स्ट्रीटवरून उत्तरेला डोंगरीच्या दिशेनं दहा मिनिटं चाललं की तांतणपुरा स्ट्रीट. इथं १८४० चं ‘शाआरे रासोन’, म्हणजेच नवी मशीद. हा सगळा भाग एके काळी इस्राएल मोहल्ला. आता कोपऱ्यावरचा पानवाला नाव ऐकून असतो, त्यापुढचं नाही. पुढे उमरखाडीत १८८८ चं एत्झ हयीम हे छोटं प्रार्थनागृह. ते इमारतींत इतकं मिसळलेलं आहे की पाटी वाचेपर्यंत घरच वाटतं.

या गल्ल्यांत जुन्या घरांच्या चौकटींकडे लक्ष ठेवा. ज्यू घराच्या दाराला, आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर, उंचीच्या वरच्या तिसऱ्या भागात मेझुझा असतो. बोटभर लांबीची डबी, आत चर्मपत्रावर तोरातल्या ओळी. अश्कनाझी, म्हणजे युरोपातले ज्यू, तो तिरका लावतात, सेफार्दी पद्धतीत उभा, त्यामुळे मुंबईत तिरकाच शोधत बसलात तर हुकेल. घर विकून गेलेल्यांनी डबी नेली असली, तर रंगाच्या थरांखाली उभी खोबण आणि वर-खाली दोन खिळ्यांची भोकं उरतात. पण दोन भोकांवरून घर ज्यूंचं ठरवू नये; जुन्या घंटीच्या बटणाचीही तशीच असतात.

चांदणीचंही तसंच. सहा कोनांची चांदणी दिसली की ‘इथं ज्यू राहायचे’ असं लिहून मोकळं होणारे पुष्कळ आहेत. षट्कोण हिंदूंच्या यंत्रात आहे, मुसलमानी जाळीकामात सुलेमानी चिन्ह म्हणून आहे, आणि सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीच्या लोखंडी ग्रिलमध्ये तर निव्वळ लोहाराच्या सोयीनं आहे. चांदणीबरोबर हिब्रू अक्षर, मेझुझा किंवा नाव, यांपैकी काहीतरी दुसरं हवं. नावांतही खड्डे आहेत. सगळ्यात मोठा जेकब सर्कल, आपला सातरस्ता. तिथं १९२४ चं तिफेरेथ इस्राएल सिनेगॉग आहे, मग सर्कलही ज्यू जेकबचंच असणार, असं सगळे धरून चालतात. ते नाव जॉर्ज ल ग्रँड जेकब या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याचं. उलट डॉ. ई. मोझेस रस्त्यावरून रोज जाणाऱ्या हजारोंना मोझेस कोण ते ठाऊक नसतं. एलिजा मोझेस राजपूरकर, बेने इस्रायली डॉक्टर, १९३७-३८ चे मुंबईचे महापौर.

उमरखाडीतून जे. जे. हॉस्पिटलवरून भायखळ्याकडे साधारण दीड-दोन किलोमीटर आहेत. ही मजल रटाळ आहे, उड्डाणपुलाखालून धूर खात जावं लागतं. गुडघे कुरकुरत असतील तर बस घ्या, पाप लागत नाही. सर जे. जे. रोडवर रिचर्डसन अँड क्रुडासजवळ ‘मागेन डेव्हिड’ उभं आहे, आणि इथं शहर बदलतं. उंच खांब, घड्याळाचा मनोरा, भोवती आवार. डेव्हिड ससून यांनी १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला बांधलेलं, त्यांचे नातू जेकब ससून यांनी १९१० मध्ये वाढवलेलं. गल्लीतल्या जुन्या मशिदीवरून थेट इथं आलं की दोन समाजांमधलं अंतर समजावून सांगावं लागत नाही. ते अंतर पैशाचं होतंच, पण नुसतं पैशाचं नव्हतं. बगदादी लोक बेने इस्रायलींच्या शुद्धतेबद्दल शंका घेत. १८३६ मध्येच त्यांनी दफनभूमीत दोन समाजांमध्ये भिंत घालून द्या, असा सरकारकडे अर्ज केला होता. आपल्याकडच्या पंक्तिभेदाची हवा बगदादहून आलेल्यांनाही लवकरच लागली, असं म्हणायचं.

आवारातच सर जेकब ससून आणि ई. ई. ई. ससून या शाळा आहेत. ज्यू मुलांसाठी काढलेल्या या शाळांत आज बहुतांश मुलं आसपासच्या मुसलमान कुटुंबांतली. मधल्या सुट्टीत सिनेगॉगच्या पायऱ्यांसमोर धुडगूस चालू असतो. शाळेच्या वेळेत गेलात तर मुलांचे फोटो काढू नका, बाकी तो आवाज ऐकण्यासारखा असतो. शांततेत वास्तू बघायची असेल तर शाळा सुरू होण्यापूर्वी किंवा रविवारी.

भायखळ्यात आलाच आहात तर दोन वळणं घ्या. एक मसिना हॉस्पिटल : त्यातली जुनी इमारत म्हणजे डेव्हिड ससून यांचा ‘सान्स सूसी’ बंगला. रुग्णालय आहे, तेव्हा बाहेरूनच. दुसरं जिजामाता उद्यान. तिथं भाऊ दाजी लाड संग्रहालयासमोरचा घड्याळमनोरा ससून यांच्या नावाचा, आणि संग्रहालयाच्या मागच्या बाजूला, तोडलेल्या-हलवलेल्या पुतळ्यांच्या गर्दीत, घोड्यावर बसलेला प्रिन्स ऑफ वेल्स. हाच तो खरा काळा घोडा. डेव्हिड यांचे पुत्र अल्बर्ट ससून यांनी जोसेफ बोएम या शिल्पकाराकडून करवून १८७९ मध्ये शहराला दिलेला. १९६५ मध्ये तो चौकातून हलवला, नाव तिथंच राहिलं. म्हणजे ज्या चौकातून लोक ज्यू वारशाची सफर सुरू करतात, त्या चौकाचं नावच मुळी एका ज्यूनं दिलेल्या पुतळ्यावरून पडलेलं, आणि पुतळा बघायला भायखळ्याला यावं लागतं. २०१७ मध्ये चौकात नवा घोडा बसवला, स्वाराविना. तो बघून ‘हाच काय तो’ म्हणणाऱ्यांना कोण सांगणार?

भायखळ्याहून पश्चिमेला आग्रीपाडा. बेने इस्रायली कुटुंबं डोंगरीतून थोडी मोकळी जागा शोधत इकडे सरकली, तशी प्रार्थनाघरंही सरकली. मागेन हसिदीम १९०४ चं, सध्याची वास्तू १९३१ ची. तिथून जेकब सर्कल जवळच. १७९६, १८४०, १८८८, १९०४, १९२४ : ही सालं नकाशावर टिंबं करून जोडली, तर नोकरदार मध्यमवर्गाची वस्ती शहरात उत्तरेकडे कशी चढत गेली ते दिसतं. ती रेघ पुढे रेल्वेरुळांना धरून कुर्ला, ठाणे अशी जाते. ठाण्याचं शाआर हशामायिम १८७९ चं, आणि आज तिथंच सगळ्यात जास्त जाग आहे. रेल्वे, पोस्ट, फौज, दवाखाने, शाळा : बेने इस्रायली माणूस जिथं नोकरीला, तिथं त्याचं घर. १९४८ नंतर बहुतेक घरं इस्रायलला गेली. २०११ च्या जनगणनेत भारतभरात ज्यूंची संख्या पाच हजारांहूनही कमी भरली. महाराष्ट्र सरकारनं २०१६ मध्ये त्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

या आकड्याचा पायपिटीशी थेट संबंध आहे. तोराचं सार्वजनिक वाचन व्हायचं तर मिन्यान लागतो, म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष. नऊ असले तर हेखालातला ग्रंथ बाहेर येत नाही. छप्पर गळत असलं तर वर्गणी काढता येते, दहावा माणूस वर्गणीनं येत नाही. म्हणून पाहुणा म्हणून गेल्यावर इमारतीच्या देखभालीवर भाष्य करण्याची घाई करू नये. दानपेटी असते, तिचा उपयोग करावा.

दक्षिणेचा टप्पा दुसऱ्या दिवशी. तो सोपा आहे, म्हणून थोडक्यात. पहाटे कुलाब्याला ससून डॉक, अल्बर्ट ससून यांनी बांधलेली १८७५ ची गोदी. मासळीचा लिलाव सूर्य वर येईपर्यंत आटोपतो. सात-साडेसातनंतर गेलात तर ओली फरशी आणि मांजरं. आतल्या फोटोंना परवानगी लागते. चपला घालू नका, घसरायला होतं, आणि कोळणींच्या वाटेत उभे राहू नका. परतताना कुलाबा कॉजवेच्या मागे होर्मसजी स्ट्रीटवर नरिमन हाऊस, हे ज्यू केंद्र. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यात इथं राबाय गाव्रिएल आणि रिव्का होल्त्झबर्ग यांच्यासह सहा जण मारले गेले. गल्ली अरुंद आहे, लोक राहतात. वर जायचं तर वेळ ठरवून जा, नाहीतर खालून नमस्कार करून निघा.

काळ्या घोड्याला डेव्हिड ससून ग्रंथालय. १८७० ची मालाड दगडातली इमारत. दरवाज्याच्या माथ्यावर दाढीवाला दगडी चेहरा आहे तो डेव्हिड ससून यांचा, आत जिन्यापाशी थॉमस वूलनरनं केलेला पूर्णाकृती संगमरवरी पुतळा. अंगरखा, पागोटं, बगदादी थाट. पुढच्या पिढ्यांच्या तसबिरी कुठे पाहण्यात आल्या तर कपडे बघा. बगदाद ते लंडन हा प्रवास शिंप्यानं किती झपाट्यानं करवला ते कळतं. मग व्ही. बी. गांधी मार्गावर केनेसेथ एलियाहू. जेकब ससून यांनी वडील एलियास यांच्या स्मरणार्थ बांधलं, गॉस्लिंग आणि मॉरिस हे वास्तुरचनाकार. प्रार्थनागृह वरच्या मजल्यावर आहे, तेव्हा खालच्या दारातून आत बघून ‘एवढंसंच?’ म्हणत परतू नका. हेखालावरच्या रंगीत काचा दुपार कलल्यावर पेटतात, कारण ती भिंत पश्चिमेची. सकाळी दहाला गेलेल्यांना त्या मुक्या दिसतात. वास्तुसंवर्धक विकास दिलावरी यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारानंतर २०१९ मध्ये ते पुन्हा उघडलं. तेव्हा भिंतीवरचा प्रसिद्ध आकाशी थर खरवडून खालच्या मूळ फिकट आणि निळीच्या छटा परत आणल्या. जुने फोटो बघून आलेले ‘निळं सिनेगॉग’ शोधत दारासमोरून पुढे निघून जातात. इथून सीएसएमटीकडे चालत जाताना कामा हॉस्पिटल लागतं. डॉ. जेरुशा झिराड या बेने इस्रायली डॉक्टरीणबाईंनी १९२८ ते १९४७ ते चालवलं. ससूनांच्या इमारतींच्या रांगेत ही एक इमारत मुद्दाम मनात धरून ठेवावी.

दफनभूम्या मात्र शेवटी, आणि घाई न करता. चिंचपोकळी स्टेशनाजवळची दफनभूमी बगदाद्यांची. एलियास ससून यांनी १८६८ मध्ये शांघायला वारलेल्या मुलाच्या, जोसेफच्या, स्मरणार्थ ही जागा दिली. इथं संगमरवर आहे, हिब्रू आणि इंग्रजी आहे. बेने इस्रायलींची वरळीची दफनभूमी डॉ. ई. मोझेस रस्त्यालगत, आणि तिथले दगड हिब्रू आणि इंग्रजीबरोबर मराठीतही बोलतात. ‘कैलासवासी’ हा शब्द हिब्रू ओळीखाली वाचताना डोळे एकदा चोळावे लागतात.

हिब्रू येत नसेल तरी साल काढता येतं, ते शिकून जा. ओळी उजवीकडून डावीकडे. वर बहुधा दोन अक्षरं, पे आणि नून : ‘येथे दफन’. खाली पाच अक्षरांचा समूह दिसला तर ती आत्म्यासाठीची प्रार्थना, ते साल नव्हे. नवखे लोक तिथंच बेरीज करत बसतात. साल अक्षरांत असतं, शेवटच्या अक्षराआधी दोन बारीक तिरक्या रेघा. तव म्हणजे ४००, शिन ३००, रेश २००, कुफ १००, पे ८०, नून ५०, मेम ४०, अशीच बाकीच्या दशकांना आणि एकंना अक्षरं. हजारांचा आकडा सहसा गाळलेला असतो. बेरजेत १२४० मिळवले की इसवी सन. तव-रेश-पे-हेत म्हणजे ६८८, अधिक १२४०, म्हणजे १९२८. पण ज्यू वर्ष सप्टेंबर-ऑक्टोबरात सुरू होतं, म्हणून तिथपासून डिसेंबरपर्यंतचा मृत्यू असेल तर एक वजा. दगडावर मराठीत ‘ऑक्टोबर १९२७’ आणि हिब्रूत ६८८ दिसलं तर दगड बरोबर आहे, चूक आपली. तारखेत एका दिवसाचा फरकही चूक नव्हे, ज्यू दिवस सूर्यास्ताला बदलतो. पंधरा तारीख दहा अधिक पाच अशी न लिहिता नऊ अधिक सहा अशी लिहितात, कारण दहा-पाचच्या अक्षरांतून देवाचं नाव होतं.

घाई असेल तर फक्त पहिली दोन अक्षरं बघा. तव-कुफ असेल तर १८३९ च्या सप्टेंबरपूर्वीचं, तव-रेश म्हणजे तिथून १९३९ पर्यंतचं शतक, तव-शिन म्हणजे त्यानंतरचं. शिन ओळखायला सोपं, त्रिशुळासारखं. घोटाळा होतो तो हे, हेत आणि तव यांत. हे ५, त्याचा डावा पाय वरच्या रेघेला टेकत नाही. हेत ८, टेकतो. तव ४००, डाव्या पायाला बाहेर वळलेलं पाऊल. मुंबईच्या पावसात ‘हे’मधली फट शेवाळानं भरते आणि माणूस तीन वर्षांनी उशिरा मरतो. रेश आणि दालेतमध्येही तसंच : कोपऱ्याला टोक असेल तर दालेत, ४, गोल असेल तर रेश, २००.

अक्षरं पुसट असतील तर खडू, कोळसा, तारेचा ब्रश यांपैकी काहीही लावायचं नाही. खडूची पूड छिद्रांत बसते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथूनच पापुद्रा सुटतो. बाटलीतलं साधं पाणी शिंपडा, दगड ओला झाला की खोदलेला भाग आधी गडद होतो. किंवा मोबाइलचा टॉर्च दगडाला जवळजवळ चिकटवून बाजूने मारा. ऊन वापरायचं तर सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर; भर दुपारी सावलीच पडत नाही. दोन पसरलेल्या हातांची खूण दिसली तर ती कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्याची, पाण्याची झारी लेवींची. बेने इस्रायलींत कोहेन घराण्यांची परंपरा नाही, त्यामुळे ते हात वरळीत शोधू नका, चिंचपोकळीत शोधा.

फुलं नेऊ नयेत. कबरीवर एखादा खडा ठेवतात, तो तिथलाच उचललेला. बाहेर पडताना फाटकापाशी नळ असतो, तिथं हात धुवायचे. वहीत नोंद करताना दगडावरचं हिब्रू साल, मराठी तारीख आणि आडनावाचं गाव अशा तीन रकान्यांत करा. घरी जाऊन रायगडचा नकाशा उघडला की तिसरा रकाना आपोआप भरत जातो.